सातच्या वर उतारा नाही

कार्तिक निम्मा सरला की आमच्या गिरणीतली हवा चावून खाता येते. कोंडा जिभेवर बसतो, पापण्यांवर बसतो, चहावर साय धरावी तसा कपात धरतो. नवीन माणूस शिंकत बाहेर पळतो. मला बावीस वर्षं झाली. मला त्याचं काही वाटत नाही, उलट नव्या भाताचा पहिला तांदूळ हलरमधून, म्हणजे भात सडायच्या यंत्रातून, उतरला की त्या गरम, किंचित गोडसर वासानं भूक लागते. बाहेर अंगणात पोत्यांची रांग, पोत्यांवर बसलेल्या बाया आणि बायांच्या मागं कापून झालेली शेतं, धसकटांची, उन्हात करकरीत पिवळी.

या वर्षी पोत्यांबरोबर एक पाकीटही आलं. मुरबाडकडच्या एका कॉलेजच्या लघुपट स्पर्धेचा फॉर्म. तो उघडून वाचला, पदराला हात पुसले आणि परत वाचला. मग गेल्या वर्षीचा हंगाम आठवत बसले. बसले म्हणजे उभीच होते. गिरणीत बसायला कुणाला वेळ आहे.

गिरणीचं गणित बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून आधी ते सांगते. दहा किलो भात हलरमध्ये घातलं की दहा किलो तांदूळ निघत नाही. तूस जातं, कोंडा जातो, थोडी कणी होते. उरतो त्या तांदळाला आम्ही उतारा म्हणतो. दहाला सहा उतरला तर गिऱ्हाईक गप्प घरी जातं. साडेसहा उतरला तर वाटेत चार घरी सांगत जातं. दहाला सात मी आमच्या हलरवर कधी पाहिलेला नाही. सासरे म्हणायचे, त्यांनी एकदा पाहिला होता. पण ते वाघ पाहिल्याचंही म्हणायचे.

हा शब्द पिक्चरला चिकटला तो लाइट गेल्यामुळे. ऐन हंगामात तीन फेज दिवसातून काही तास येते, बाकी वेळ बाया पोत्यांवर बसून राहतात. बसून करायचं काय? आमच्या शेणव्यात थिएटर नाही. संगीता अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्या मोबाइलमध्ये जगातले सगळे पिक्चर असतात. ती मोबाइल वजनकाट्यावरच्या मापांना टेकवून उभा करायची आणि दहा-बारा डोकी त्याच्यासमोर गोळा व्हायची. स्क्रीनवर कोंडा बसला की जी जवळ असेल तिनं पदरानं पुसायचा. कुणाचं मरण चाललंय की लग्न, त्याची पर्वा न करता पदर फिरायचा.

असाच एक गाजलेला पिक्चर संपला. संगीतानं विचारलं, "कसा होता गो?"

"चांगला होता," सगळ्या म्हणाल्या. पाहुण्यांच्या घरची भाजी सांगतात तशा.

सखुआत्या मात्र तळहातावर मूठभर तांदूळ घेऊन फुंकर मारत होती. सखुआत्या माझी नात्यानं कुणी नाही; अख्ख्या गावाची आत्या आहे. अडुसष्ट वर्षांची. अक्षर येत नाही, पण तांदळाला एक फुंकर मारून ती सांगते की भात कधी कापलं, किती दिवस वाळवलं आणि वाळवताना कुणी आळस केला. तिनं फुंकर संपवली आणि म्हणाली, "चांगला कसला? दहाला चार उतारा. पयला अर्धा तास नुसतं तूस."

झालं. त्या दिवसापासून पिक्चरला दुसरं माप राहिलं नाही.

"गिरणी बंद आहे" लिहायला मी एक काळी पाटी टांगली होती. तिच्यावर आता पिक्चरची नावं आणि पुढं उतारा येऊ लागला. मला कामात गोंधळ चालत नाही, म्हणून नियमही मीच केले. एक, शेवटपर्यंत बघितल्याशिवाय बोलायचं नाही. दोन, नुसतं "आवडला" चालणार नाही, काय आवडलं ते सांगायचं. "तांदूळ बरा नाय" एवढंच म्हणून निघून जाणारी गिऱ्हाइकं मी फार पाहिली आहेत. काय बरं नाही ते सांगा, मी हलर कसून देते.

आणि बाया सांगायला लागल्या. काय बारकाईनं सांगायला लागल्या! मारामारी, मोटारी, परदेशातली गाणी म्हणजे कोंडा. संगीताचा नवरा अशाच एका पिक्चरवर फिदा होता, तर सखुआत्या म्हणाली, "असू दे गो. कोंडा पण लागतोच कुणाला तरी, म्हशी काय खातील?" चांगले प्रसंग असतात पण मधेच तुटतात, त्या पिक्चरमध्ये कणी फार. कणी कुणी टाकून देत नाही, तिची पेज होते. म्हणून अशा पिक्चरला आम्ही म्हणायचो, पेजेपुरता. आजारी माणसाजवळ बसून बघावा असा. आणि ज्या पिक्चरात बाई खरी बोलते, हसते, चिडते, त्यात दाणा. दाणा क्वचित मिळायचा. पाटीवरचे बहुतेक आकडे चार आणि पाचच्या मधेच घुटमळायचे. एकदाच सव्वासहा पडले तेव्हा दोन बायांनी तो पिक्चर घरी जाऊन परत बघितला.

आमच्याकडे बाईला मत विचारत नाहीत, असं मी म्हणणार नाही. विचारतात. भाजीत मीठ बरोबर आहे का, पाहुण्यांना किती भाकऱ्या लागतील, पोरगी कुणावर गेली. उत्तर देऊन बाई परत कामाला लागते, आणि तिनं काय उत्तर दिलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पाटीवर खडूनं लिहिलेला आकडा मात्र दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. या एका गोष्टीनं काय फरक पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी माझ्यामागं लपून "मला काय कळतंय वहिनी" म्हणणाऱ्या बायका दुसऱ्या वर्षी अर्ध्या गुणासाठी भांडायला लागल्या.

गेल्या हंगामात मुरबाडच्या त्या कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम आईचं भात घेऊन आल्या. रांगेत उभ्या असताना त्यांनी पाटी वाचली आणि हे काय म्हणून विचारलं. सखुआत्यानं त्यांना त्यांच्या आवडत्या पिक्चरचा उतारा सांगितला, साडेतीन. मॅडम जाम हसल्या. आठ दिवसांनी परत आल्या, या वेळी भात नव्हतं. त्यांच्या कॉलेजची लघुपट स्पर्धा होती. बारा फिल्म्स आल्या होत्या आणि त्या तीन केंद्रांवर चार-चार वाटून दाखवायच्या होत्या. एक केंद्र मुरबाडला कॉलेजात, एक शहापूरच्या वाचनालयात आणि तिसरं, आमची हरकत नसेल तर, गिरणीत. फिल्मवर नाव नाही, फक्त नंबर. जिला सगळ्यात जास्त गुण ती पहिली.

"गुण दहापैकी द्यायचे," मॅडम म्हणाल्या.

"आमचेही दहापैकीच असतात," मी म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. दहाला किती, हाच तर आमचा हिशोब. आता ते वाक्य आठवलं की मला माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

त्याच आठवड्यात रेश्मा आली. ती गावातल्या विलासभाऊजींची मुलगी, बी.ए. झालेली. भाऊजींना ठाण्यात नोकरी. सकाळी स्टेशनला जाताना गिरणीवरून जातात तेव्हा "जय भीम, वहिनी" म्हणून हात करतात, तेवढीच त्यांची-माझी भेट. शेती त्यांची बायको आणि रेश्मा बघतात. भाताचं पोतं उतरवता उतरवता रेश्मा म्हणाली, "काकू, मी पण फिल्म दिल्येय स्पर्धेला. नंबर सांगणार नाय, कुठल्या केंद्राला गेली ते मला पण माहीत नाय."

"मग चेहरा असा का केलायस?"

"पप्पा बोलले, पयली आलीस तर पुढं शिक हेच. नाय आलीस तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर, आणि मग हा विषय परत काढायचा नाय. मी हो बोलले."

भाऊजींचं मला चूक वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका पगारावर घर उभं केलेल्या माणसाला हवेतल्या गोष्टी आवडत नाहीत. पण पोरीनं हो म्हटलं होतं आणि ती शब्दाला पक्की होती, याचीच मला काळजी वाटली. मी तिला म्हटलं, "जा घरी. पिक्चर चांगला असेल तर उतारा येईलच." तेवढंच बोलले.

चार फिल्म्स आम्ही एका दुपारी बघितल्या. मॅडमनी लॅपटॉप दिला होता. लाइट नव्हती, बाया झाडून साऱ्या हजर होत्या.

पहिली भुताची. भूत दिसायच्या आधीच संगीतानं ते कुठून येणार ते सांगितलं. तीन. दुसरी पाण्यावर होती. हंडा, विहीर, परत हंडा. पण त्यात दोघी जावांचं एक भांडण फार खरं होतं, म्हणून पाच. तिसरी फिल्म बघण्यासारखी रंगवली होती. ढग, बगळे, चिखलाच्या शेतात दुःखी चेहऱ्याची बाई एकटीच भाताच्या रोपांची आवणी करतेय, आणि मागं कुणीतरी जड आवाजात बोलतंय. आम्ही गप्प बघत होतो. तेवढ्यात सखुआत्या ओरडली, "अगो, ही बया पुढं चालत्येय!"

खरंच. आवणी करताना माणूस मागं मागं सरतो. रोप लावायचं, पाऊल मागं घ्यायचं, परत लावायचं. पुढं गेलात तर लावलेलंच तुडवाल. ती बाई शांतपणे आपलंच रान तुडवत ढगांकडं निघाली होती. बाया हसून हसून पोत्यांवरून घसरल्या.

"पण आत्या, ती दुःखात हाय," संगीता म्हणाली.

"दुःखात काय पाय उलटे पडतात? आमी काय कमी दुःखात आवण्या केल्या? नवरा गेला त्या वर्षी मी पाचव्या दिवशी रानात होते. मागंच सरत होते." तिसरीला साडेतीन.

चौथी फिल्म अकरा मिनिटांची. सिद्धगडाच्या पायथ्याचं कुठलंसं गाव, कापून झालेलं शेत आणि पंचेचाळीस-पन्नाशीची एक बाई स्कूटी शिकतेय. एकटीच. शिकवायला कुणी नाही. बोलणंही फारसं नाही. धसकटांतून गाडी टुणटुण उडते, बंद पडते, ती परत चालू करते. मग पडते. आणि पडल्यावर ती आधी मान वळवून बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. मग गाडीला हात लावून बघते, कुठं लागलं तर नाही ना. आणि त्यानंतर, सगळ्यात शेवटी, साडी वर करून स्वतःचा गुडघा बघते. रक्त आलेलं असतं. त्याला ती थुंकी लावते आणि परत गाडीवर बसते.

आम्ही सगळ्या याच क्रमानं पडलो आहोत. कुणी सायकलवरून, कुणी बांधावरून, मी तर याच गिरणीच्या पायरीवरून. हा क्रम कुणी पाहिला असेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. शेवटी ती बाई धसकटांतून बाहेर येते, डांबरी रस्त्याला लागते आणि वेग घेते. मग एक उगाच लांबलेलं गाणं.

मधेच लाइट आली होती. वरचा दिवा लागलेला मी पाहिला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी हलरचं बटण दाबलं नाही. रांगेतल्या एकीनंही आठवण केली नाही.

"परत लाव," सखुआत्या म्हणाली. परत बघितली. मग ती म्हणाली, "सात."

"आत्या, सात नसतो," संगीता म्हणाली.

"आज हाय."

"आणि ते गाणं?"

"ते तूस. भात म्हटलं की तूस असणारच गो."

एकेकीला विचारलं. प्रत्येकीनं कारण सांगितलं आणि प्रत्येकीनं सातच सांगितलं. मी मॅडमच्या कागदावर आकड्यात आणि अक्षरात लिहिलं, सात. मग पाटीवरही लिहिलं, जरा मोठं.

निकालाच्या दिवशी गिरणीचा टेम्पो काढला आणि आम्ही नऊजणी मुरबाडला गेलो. कॉलेजचा हॉल भरलेला. भाऊजी रजा घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत. रेश्मा भिंतीला टेकून उभी.

मॅडमनी तिसरा नंबर वाचला, आठ गुण. दुसरा, साडेआठ. पहिला, नऊ. टाळ्या झाल्या. त्यांतली एकही आमच्याकडं आलेली नव्हती. मग त्यांनी पुढची नावं वाचायला घेतली. "चौथा क्रमांक, स्कूटी शिकणाऱ्या बाईची फिल्म, दिग्दर्शन रेश्मा. शेणवा केंद्र. सात गुण."

म्हणजे ती बाई आमच्या रेश्मानं पाहिली होती. आणि म्हणजे तिला आम्हीच चौथी केली होती. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. बाकीच्या केंद्रांनी दहा हे दहाच धरले होते. त्यांच्यापुढं आमच्या चारही फिल्म्स मागं पडल्या होत्या. समोर भाऊजींनी हातातला कार्यक्रमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मी उठले. माझा आवाज हलरवरून ओरडून तयार झालेला आहे, मला माइक लागत नाही. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "आमचं माप वेगळं आहे, ते मी सांगायला हवं होतं. आमच्याकडे सातच्या वर काही नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. "पण मग दहा का नाही दिलेत?"

सखुआत्या जागेवरूनच म्हणाली, "दहा? मग तूस कुठं गेलं, मॅडम? बिनतुसाचं भात तुमी बघितलंय कुठं?"

हॉल हसला. बाहेरगावाहून आलेले अध्यक्षही हसले, पण म्हणाले, "ताई, निकाल जाहीर झाला आहे. नियमाप्रमाणे आता बदल करता येणार नाही." माणूस सभ्य होता आणि त्याच्या बाजूनं बरोबरही होता. मी दुसरा मुद्दा शोधत होते, तेवढ्यात भाऊजी उभे राहिले.

"सर, निकाल राहू द्या. मला एकच विचारायचंय. हे सात कुणी दिले? गिरणीनं?"

"मी दिले," सखुआत्या म्हणाली. "का रं, विलास?"

"आत्या, सात?"

"सात."

"खरं?"

"तुझ्या बापाच्या भाताला पण कधी साडेसहाच्या वर उतारा आला नाय. आणि तुझ्या बापानं भात चांगलं पिकवलं हां."

भरलेल्या हॉलमध्ये त्या आकड्याचं वजन ज्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं, अशांत भाऊजी होते. शाळेत असताना बापाबरोबर पोतं घेऊन ते आमच्याच गिरणीच्या रांगेत उभे राहायचे. माझे सासरे तांदूळ मोजायचे तेव्हा भाऊजी बापाच्या चेहऱ्याकडं बघायचे. त्यांनी खिशातला कागद परत काढला, उलगडला आणि सरळ केला.

"रेश्मा, इकडं ये. पयली आलीस."

"पप्पा, चौथी."

"ते यांच्या मापात. आपण भाताची माणसं हाव."

आमच्या नऊजणींनी टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या नंबराला पडल्या नव्हत्या एवढ्या. मग बाकीचा हॉलही टाळ्या वाजवायला लागला, अध्यक्षसुद्धा. रेश्मा रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही, कारण सखुआत्या मधे उभी राहून तिला सांगत होती, "पण ते गाणं काढ गो. गाणं काढ."

बँकेचा फॉर्म कुणी भरला नाही. जूनपासून रेश्मा पुण्याला फिल्म करायचंच शिकते आहे. या दिवाळीत आली ती नवी फिल्म घेऊन. गिरणीत लावली, सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली. साडेपाच. ती पोत्यावर चढून तासभर भांडली. सखुआत्या तळहातावरच्या तांदळाला फुंकर मारत म्हणाली, "कणी जास्त झाल्येय. तू मधे मधे तोडतेस." रेश्मा तोंड फुगवून गेली, आणि दोन दिवसांनी तीच फिल्म नव्यानं जोडून घेऊन आली. सहा.

आता पाकिटातला फॉर्म. स्पर्धेचे नियम पानभर आहेत. चौथा नियम मी मोठ्यानं वाचून दाखवला: "सर्व केंद्रांनी गुण दहापैकी द्यावेत. शेणवा केंद्राने सातपैकी द्यावेत." छापलेलं आहे, शिक्क्यासकट. संगीतानं परत वाचायला लावलं. सखुआत्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाली, "शिकले म्हणायचे." मग मी तो हलरच्या वरच्या भिंतीला खळीनं चिकटवला.

पाटीवरचे बाकीचे आकडे मी दर आठवड्याला पुसते. नवीन पिक्चर येतात, जागा लागते. गेल्या वर्षीचा सात मात्र कोपऱ्यात तसाच आहे. तो एकटाच आहे अजून. भावनेचा वगैरे त्यात काही भाग नाही. वजनकाट्याशेजारी आपण शिक्का मारलेलं खरं माप ठेवतो ना, बाकीची मापं पडताळून बघायला, तसा तो ठेवलाय.